रात्री जाणारे कॅमेरे आणि बाबांचा प्रश्न

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात:

आई-बाबा दोघंच दुमजली घरात राहतात. मी आणि भाऊ नोकरीमुळे लांब. दोन महिन्यांपूर्वी शेजारच्या घरात चोरी झाली आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. एका बसवणाऱ्याकडून आठ कॅमेऱ्यांचा आराखडा करून घेतला. नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा, आठ पोर्टचा पीओई स्विच आणला. आतापर्यंत पाच कॅमेरे लागलेत: चार साधे, घराच्या चार बाजूंना, आणि एक फिरणारा, फाटकाकडे बघणारा. फाटक भिंतीपासून नऊ मीटरवर आहे. दिवसा सगळं सुरळीत चालतं. अंधार पडला की एखादा कॅमेरा जातो, परत येतो, परत जातो. बसवणारा म्हणतो, कॅमेरे सदोष आहेत, वरच्या दर्जाचे घ्या. भाऊ म्हणतो, तारांचा हा पसाराच काढ, वाय-फायचे लाव. उरलेले तीन कॅमेरे घरात लावायचे होते: जिन्यात, बैठकीच्या खोलीत आणि आई-बाबांच्या खोलीच्या दाराशी. ते ऐकून बाबा एवढंच म्हणाले, "चोरावर लक्ष ठेवायचंय की आमच्यावर?" तेव्हापासून ते माझ्याशी मोजकंच बोलतात. आता हे सगळं काढून टाकू, वाढवू की बदलू?

ताई,

पत्रासोबत तुम्ही स्विचच्या मागच्या लेबलचा आणि कॅमेऱ्यांच्या खोक्यांचा फोटो पाठवलात, हे फार बरं केलंत. त्यामुळे एक गोष्ट लगेच सांगता येते. कॅमेरे बदलू नका. ते बहुधा ठणठणीत आहेत, त्यांना रात्री पुरेशी वीज मिळत नाहीये, इतकंच.

तो फोटो मोठा करून बघा. ठळक अक्षरांत लिहिलंय, 'प्रत्येक पोर्टला ३० वॅटपर्यंत'. त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, 'एकूण पीओई ५५ वॅट'. आठ पोर्ट गुणिले ३० म्हणजे २४० वॅट असं आपण मनात धरून बसतो, आणि दुकानातही कोणी तसं नाही म्हणून सांगत नाही. प्रत्यक्षात एखाद्या एका पोर्टाला ३० वॅट देण्याची त्याची तयारी आहे, पण सगळ्या पोर्टांमध्ये मिळून वाटायला त्याच्याकडे ५५च आहेत. तुमच्या स्विचचं अंथरूण एवढंच आहे.

आता पाय किती लांब आहेत ते बघू. साध्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर दिवसाचे ५ वॅट आणि जास्तीत जास्त ९ वॅट असं दिलंय. फिरणाऱ्याचे दिवसाचे १० आणि जास्तीत जास्त २२. दिवसा चार पंचे २० आणि १० मिळून ३० वॅट, आरामात भागतं. अंधार पडला की प्रत्येक कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात. ते आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, फार तर काळोखात भिंगाभोवती लालसर ठिपके दिसतात, पण वीज खातात. चार नवे ३६ आणि वर २२, झाले ५८. शिवाय हे आकडे कॅमेऱ्याच्या टोकाचे आहेत. वाटेत केबल तापून थोडी वीज वाया जाते, तीही स्विचलाच भरून द्यावी लागते. ५५ वॅटमध्ये हे बसणारच नाही. मग स्विच एका पोर्टाची वीज तोडतो. बऱ्याच स्विचमध्ये, वेगळी काही सूचना दिलेली नसेल तर, सगळ्यात मोठ्या क्रमांकाच्या पोर्टावर आधी पाळी येते. तो कॅमेरा बंद पडला की भार उतरतो, भार उतरला की स्विच त्याला परत वीज देऊन बघतो, कॅमेरा मिनिटभरात उठतो, दिवे लावतो आणि भार पुन्हा वर जातो. तुम्ही ज्याला 'जातो, परत येतो, परत जातो' म्हणता ते हे असावं.

खात्री करायला एक पैसाही लागत नाही. आज रात्री बाबांना किंवा तिथल्या कोणाला तरी सांगून फिरणाऱ्या कॅमेऱ्याची केबल स्विचमधून काढून ठेवा. बाकीचे चार सकाळपर्यंत एकदाही गेले नाहीत, तर दुखणं बहुधा विजेचंच. आणि त्यातला एखादा तरीही गेला, तर त्याची केबल दुसऱ्या पोर्टात लावून बघा. दुखणं कॅमेऱ्याबरोबर दुसऱ्या पोर्टात गेलं तर दोष कॅमेऱ्यात किंवा त्याच्या केबलमध्ये. जुन्याच पोर्टात राहिलं तर स्विचमध्ये.

वॅटचा हा हिशेब ज्यांना कॅमेरे घ्यायचे आहेत त्या सगळ्यांच्याच कामाचा आहे, म्हणून थोडं खोलात जाते. केबलमधून वीज देण्याचं पहिलं मानक २००३ साली आलं, त्याचं नाव ८०२.३एएफ. त्यात स्विच पोर्टावर १५.४ वॅट देतो, पण कॅमेऱ्याला हमी मिळते १२.९५ची. मधले जवळजवळ अडीच वॅट १०० मीटरच्या केबलच्या नावावर धरलेले असतात. २००९ साली ८०२.३एटी आलं, ज्याला पीओई प्लस म्हणतात. तिथे पोर्टावर ३० आणि उपकरणापाशी २५.५ वॅट. २०१८च्या ८०२.३बीटीमध्ये हा आकडा पोर्टावर ९० वॅटपर्यंत गेला, पण घरातल्या कॅमेऱ्यांना त्याची गरज पडत नाही. साध्या कॅमेऱ्याला २००३चं मानक पुरतं. फिरणाऱ्या, किंवा थंडीत काच गरम ठेवणाऱ्या कॅमेऱ्याला पीओई प्लस लागतं. खरेदीआधी सगळ्या कॅमेऱ्यांच्या 'जास्तीत जास्त' वॅटची बेरीज करा, तिच्यात पाचवा हिस्सा मिळवा, आणि स्विचचा एकूण आकडा त्याच्या वर आहे का ते बघा. पोर्ट मोजायचे ते त्यानंतर.

काही स्विच कॅमेरा प्रत्यक्षात किती खातो हे न बघता त्याच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे मानकात ठरलेल्या विजेच्या गटाप्रमाणे, पूर्ण १५.४ वॅट राखून ठेवतात. अशा ५५ वॅटच्या स्विचवर चौथा कॅमेराच सुरू होत नाही आणि माणूस विनाकारण कॅमेरा परत करायला निघतो. स्विचमध्ये शिरून सेटिंग बदलता येत असेल तर 'वापराप्रमाणे वाटप' असा पर्याय तिथे मिळतो.

एक धोक्याची सूचना इथेच देते. मानक पाळणारा स्विच थेट वीज सोडत नाही. आधी अगदी कमी दाबाने चाचपून बघतो की समोर पीओईचं उपकरण आहे का. त्या उपकरणात ओळख म्हणून २५ किलोओहमचा एक रोध असतो. तो सापडला तरच ४८ व्होल्टच्या आसपासची वीज सोडली जाते. म्हणून अशा स्विचला चुकून लॅपटॉप लावला तरी काही होत नाही. 'पॅसिव्ह पीओई' नावाचे स्वस्त डबे मात्र ही चाचपणी करत नाहीत, लावलं की वीज सोडतात. त्यात भलतं उपकरण जळू शकतं. खोक्यावर ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ती वस्तू घेऊ नका.

तर मग मोठा स्विच घ्यायचा का? १२० वॅटचा घेतलात तर प्रश्न सुटेल, त्यात चूक काहीच नाही. पण त्याआधी तुम्हाला एक विचारावंसं वाटतं. आठ हा आकडा कुठून आला? पत्रात कुठेही 'मला अमुक दिसायला हवं' असं वाक्य नाही. कॅमेरे आठ, पोर्ट आठ, म्हणून आराखडा आठचा. शेजारच्या चोरीनंतर मन घाबरलेलं असतं, अशा वेळी आकडा जितका मोठा तितका धीर येतो, हे मी समजू शकते. पण कॅमेरा चोराला अडवत नाही. अडवतात ते कडी-कोयंडा, चांगलं कुलूप आणि मागच्या दाराशी रात्रभर उजेड. कॅमेरा दाखवतो, तेही आपण त्याला जे दाखवायला लावलंय तेवढंच.

फिरणाऱ्या कॅमेऱ्याचं घ्या. तो डावीकडे वळलेला असताना उजवीकडे काही घडलं, तर त्याच्यापुरतं ते घडलंच नाही. समोर बसून तो फिरवणारा माणूस असेल तिथे अशा कॅमेऱ्याचं चीज होतं. घरी तसं कोणी बसत नाही. तुमच्या वडिलांनी तरी का बसावं?

फाटकाशी कोण उभं आहे ते ओळखू यावं, ही तुमची खरी गरज असणार. त्याला मोजमाप आहे. अनोळखी माणसाचा चेहरा नक्की ओळखायचा, तर चित्रात तो उभा आहे त्या जागी रुंदीच्या दर मीटरला २५० पिक्सेल पडावेत, असा संकेत या क्षेत्रात बरीच वर्षं चालत आलाय. ओळखीचा माणूस ओळखायला त्याच्या निम्मे, १२५ पुरतात. तुमचे साधे कॅमेरे चार मेगापिक्सेलचे आहेत, म्हणजे चित्राची रुंदी २५६० पिक्सेल. भागाकार केला तर दृश्याची रुंदी दहा मीटरच्या आत असेल तोवर चेहरा पटतो. तुमच्या कॅमेऱ्यांना २.८ मिलिमीटरचं भिंग आहे. ते खूप रुंद बघतं, साधारण चार मीटरवरच दृश्य दहा मीटर रुंद होतं. दाराशी, बोळात ते उत्तम. नऊ मीटरवरच्या फाटकाला त्याचा उपयोग नाही, तिथे माणूस दिसेल पण कोण ते कळणार नाही. तिथे सहा मिलिमीटरच्या भिंगाचा साधा कॅमेरा लावा. नऊ मीटरवर त्याचं दृश्य साधारण नऊच मीटर रुंद असतं, म्हणजे चेहऱ्याला हवे ते पिक्सेल मिळतात. लावताना उंची अडीच ते तीन मीटर ठेवा. फार उंच लावला की सगळ्यांचे माथेच तेवढे दिसतात.

आता पुन्हा बेरीज करा. फिरणारा गेला, त्याच्या जागी ९ वॅटचा साधा आला. पाच नवे ४५. पाचवा हिस्सा वर धरला तर ५४. तुमचा आत्ताचा, ५५ वॅटचा स्विच पुरला. घट्ट बसतोय, सहावा कॅमेरा त्यावर चढवायचा नाही. पण घराबाहेरचं जे बघायचं आहे ते या पाचांत येतं असं मला वाटतं.

भावाचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नाही. भाड्याच्या घरात, जिथे भिंतीला भोक पाडता येत नाही, तिथे वाय-फायचा कॅमेरा हाच व्यवहार्य मार्ग असतो. पण 'तारांचा पसारा जातो' हे अर्धंच खरं आहे, कारण वाय-फायच्या कॅमेऱ्यालाही वीज लागते. म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्यापाशी, बाहेर, छपराखाली एक प्लग आला. बॅटरीवरचे असतात ते चार्ज वाचवायला बहुतेक वेळ झोपलेले असतात, हालचाल झाली की जागे होतात, आणि पहिले एक-दोन क्षण बहुतेकदा हुकतात. जाड भिंतींमधून सिग्नल गळतो. आणि वाय-फायचा संपर्क बाहेरून मुद्दाम तोडता येतो, त्यासाठी भिंत चढून यावं लागत नाही. तुमच्या घरात केबल ओढून झालेल्या आहेत. कष्टाचा आणि धुळीचा भाग उरकलाय. तो आता टाकून देऊ नका.

त्या केबलबद्दल मात्र दोन गोष्टी तपासा. पहिली, ती खरंच तांब्याची आहे का. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल सर्रास मिळते, तिला सीसीए म्हणतात. उरलेल्या तुकड्यातली एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली तर सीसीए. ती विजेला जास्त अडवते, जास्त तापते आणि दोन-चारदा वाकवली की तुटते. लांबच्या कॅमेऱ्याला त्यातून रात्रीची वीज पोहोचणं कठीण. पूर्ण तांब्याची कॅट-५ई किंवा कॅट-६ हवी, आणि स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत अंतर १०० मीटरच्या आत. घरात एवढं अंतर क्वचितच भरतं.

दुसरी गोष्ट जोडाची. माझ्या आत्याच्या घरी मागच्या बाजूचा कॅमेरा पाऊस पडला की जायचा आणि दोन दिवस ऊन पडलं की आपोआप यायचा. बसवणाऱ्याने दोनदा कॅमेरा बदलला होता. शेवटी मीच शिडी लावून चढले. कॅमेऱ्यातून निघणारी छोटी शेपटी आणि भिंतीतून आलेली केबल यांचा जोड उघड्यावर लोंबत होता, वरून काळी टेप गुंडाळलेली. टेप सोडवली तर आतून पाण्याचा थेंब हातावर पडला. जोडातल्या आठ सोनेरी पट्ट्यांपैकी तीन हिरव्या पडल्या होत्या आणि एक पार झिजून गेली होती. ओल आणि ४८ व्होल्ट एकत्र आले की धातू असा भराभर खाल्ला जातो. कॅमेऱ्याबरोबर येणारी, रबरी वायसरची जलरोधक टोपी खोक्यातच पडून होती. जोड नवा केला, टोपी बसवली, जोड डबीत घेतला, आणि केबल डबीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ दिला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं, डबीत शिरत नाही. त्यानंतर त्या कॅमेऱ्याची तक्रार नाही. तुमच्याकडचे पाचही जोड कोणाकडून तरी असे उघडून बघून घ्या.

आता बाबांचा प्रश्न. पत्रात तो तुम्ही शेवटी लिहिलाय, पण मला तो पत्राचा गाभा वाटला.

घरातल्या तीन कॅमेऱ्यांची जागा पुन्हा वाचा: जिना, बैठक, त्यांच्या खोलीचं दार. चोर आत येण्याच्या वाटा बाहेरच्या पाच कॅमेऱ्यांनी धरल्या आहेत. मग हे तीन कशासाठी? मला वाटतं, तुम्हाला दोन भित्या आहेत आणि त्या एकमेकींत मिसळल्यात. एक चोराची. दुसरी, आई जिन्यावरून घसरली तर, बाबांना रात्री अस्वस्थ वाटलं तर, आणि आपण लांब आहोत ही. दुसरी भीती बोलून दाखवणं जड जातं, म्हणून ती चोराच्या नावाखाली आराखड्यात शिरली. बाबांनी ती बरोबर ओळखली. त्यांच्या प्रश्नात राग असेल, पण तो प्रश्न खरा आहे. आपल्याच घरात, आपल्या खोलीतून बाहेर पडताना कोणीतरी बघतंय हे जाणवत राहिलं, तर घर परकं होतं. ते घर त्यांचं आहे.

म्हणून घरात कॅमेरा नको, असं मी म्हणेन. निदान आत्ता नको. त्याऐवजी त्यांना खरं काय ते सांगा. 'बाबा, चोरापेक्षाही तुम्ही पडाल याची मला जास्त भीती वाटते,' हे वाक्य फोनवर नको, समोर बसून म्हणा. मग ठरवा दोघं मिळून. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि पायऱ्यांवर उजेड. गळ्यात किंवा मनगटावर आणीबाणीचं बटण, दाबलं की तुम्हा दोघांना फोन. सकाळी ठरलेल्या वेळी एक फोन, आणि तो उचलला नाही तर किल्ली असलेल्या शेजाऱ्यांनी डोकावायचं. पडलेल्या माणसाला मदत लवकर मिळते ती या गोष्टींनी. कॅमेरा त्या वेळी कोणी बघत असेल तरच उपयोगाचा, आणि तुम्ही कामावर असताना दिवसभर तो बघू शकत नाही.

हे सगळं बोलून झाल्यावर आई-बाबा स्वतःच म्हणाले की बैठकीत एक असू दे, तर जरूर लावा. फक्त मायक्रोफोन बंद ठेवा, रेकॉर्डिंग नको, आणि तो बंद करण्याचं बटण त्यांच्या हाताशी असू द्या. त्यांनी बंद केला तर का म्हणून विचारू नका. घरात कामाला येणाऱ्या बायका-माणसांनाही कॅमेरा असल्याचं सांगायला हवं. आणि बाहेरच्या कॅमेऱ्यात शेजाऱ्यांची खिडकी येत असेल, तर तेवढा भाग काळा करण्याची सोय जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात असते, ती वापरा.

आणखी एक सुचवते. बाहेरच्या पाच कॅमेऱ्यांचा पडदा आधी आई-बाबांना द्या, तुमच्या फोनला नंतर. रेकॉर्डरला एक मॉनिटर जोडून तो दारापाशी, त्यांना बसल्या जागी दिसेल असा ठेवा. घंटा वाजली की दार उघडण्याआधी कोण आहे ते त्यांना दिसेल. पाळत वाटणारी वस्तू त्यांच्या कामाची झाली की तिच्याकडे बघण्याची नजर बदलते, हे मी एकाहून जास्त घरांत बघितलंय.

पासवर्डचं काम मात्र आजच करा. २०१६ साली मिराई नावाच्या एका घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याला काही भेदावं लागलं नाही. कारखान्यातून येतात तीच साठेक नावं आणि पासवर्डं तो एकामागून एक लावून बघत गेला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या उपकरणांच्या फौजेने, वेबसाइटींचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि कितीतरी मोठ्या वेबसाइटी काही तास उघडेनात. ज्यांच्या घरातले कॅमेरे त्यात सामील होते त्यांना पत्ताही नव्हता. तेव्हा प्रत्येक कॅमेऱ्याचा आणि रेकॉर्डरचा पासवर्ड बदला. रेकॉर्डरमध्ये वापरकर्त्यांची यादी उघडून बघा. बसवणाऱ्याने स्वतःसाठी एखादं खातं ठेवलेलं असतं, बहुतेकदा सोयीसाठीच, पण ते काढून टाका. राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्डिंग' करून कॅमेरे थेट इंटरनेटवर उघडे ठेवले असतील तर ते बंद करा. लांबून बघायला व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून घरच्या नेटवर्कपर्यंत जाणारी बंदिस्त खासगी वाट, सगळ्यात चांगलं. ते जमत नसेल तर रेकॉर्डर बनवणाऱ्याचं अॅप, पक्क्या पासवर्डसह आणि दुहेरी पडताळणी असेल तर ती चालू करून. जमल्यास कॅमेऱ्यांचं जाळं घरच्या वाय-फायपासून वेगळं ठेवा. बाहेरचा एखादा कॅमेरा उचकटून त्याची केबल कोणी आपल्या लॅपटॉपला लावली, तर त्याला घरातले संगणक दिसता कामा नयेत.

राहिलं साठवण आणि वीज जाण्याचं. सेकंदाला एक मेगाबिट वेगाचं सलग रेकॉर्डिंग दिवसाला १०.८ जीबी खातं. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला एच.२६५ मध्ये, म्हणजे चित्र दाबून कमी जागेत साठवण्याच्या पद्धतीत, चार मेगाबिट धरले, तर पाच कॅमेऱ्यांचे दिवसाला २१६ जीबी. चार टीबीच्या डिस्कवर १८ दिवस बसतात, तेवढे पुरे. डिस्क कॅमेऱ्यांच्या सततच्या लिखाणासाठी बनवलेली घ्या, आणि रेकॉर्डर कुलपाच्या कपाटात, हवा खेळेल असा ठेवा. चोराने तोच उचलून नेला तर पुरावाही गेला. यूपीएस एकच लागेल, स्विच, रेकॉर्डर आणि राउटर तिघांना मिळून. पीओईचा हा मोठा फायदा आहे की पाचही कॅमेरे त्या एका यूपीएसवर चालतात. पण बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरच्या एका बॅटरीत ८४ वॅट-अवर असतात, आणि तुमचा एकूण भार ऐंशीच्या आसपास जाईल. इतक्या भराभर उपसली की बॅटरी पूर्ण वीज देत नाही आणि काही यूपीएसमध्येच वाया जाते, म्हणून हातात पंचवीस-तीस मिनिटं येतात, तास नाही. तिथे वीज जास्त वेळ जात असेल तर मोठी बॅटरी बघा.

पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा दोन दिवस हाताशी ठेवून जा. फिरणारा उतरवा, फाटकाचा नवा बसवा, जोड तपासा. मग अंधार पडल्यावर बाबांना मॉनिटरसमोर बसवा आणि तुम्ही, भाऊ आणि शेजारचं कोणी असे एकेक जण, टोपी घालून, न बोलता फाटकाशी जाऊन उभे राहा. कोण उभं आहे ते त्यांनी आतून सांगायचं. ज्याला ते ओळखू शकले नाहीत, त्याच्यासाठी कॅमेऱ्याचा रोख थोडा खाली किंवा आत घ्या आणि परत करून बघा. तो रोख किती हलवायचा हे बाबांनाच सांगू द्या.